कोरडी कांडी

इचलकरंजीत साध्या मागाला कुणी विचारेनासं झालं होतं, त्या दिवसांतली ही गोष्ट. साल २०४१. हवेच्या झोतानं धागा फेकणारे माग गावात येऊन जुने झाले होते, आणि ज्यांच्या खटखटीवर तीन पिढ्या झोपल्या-उठल्या ते धोट्याचे माग केव्हाच भंगारात गेले होते. गावभागात दशरथ खारगे यांच्या शेडमध्ये तेवढे दोन शिल्लक होते. दशरथअण्णा चाळीस वर्षं जॉबर, म्हणजे माग बिघडला की त्याला वठणीवर आणणारा माणूस. हे दोन कशाला ठेवलेत असं कुणी विचारलं की ते शांतपणे सांगायचे, "काढून टाकायला येळ न्हाई." वेळ तर त्यांच्याकडे ढीगभर होता. दर रविवारी ते दोन्ही मागांना तेल घालत आणि तासभर रिकामेच चालवत. त्यांच्या पत्नी राजाक्का आतल्या खोलीतून म्हणत, "चालू झालं बघा भजन."

अशाच एका रविवारी पुण्याच्या एका संशोधन संस्थेची गाडी दाराशी थांबली. उतरली ती आसावरी मगदूम. मूळची शिरोळची, वय पस्तिशीचं, पॉलिमरच्या शास्त्रातली डॉक्टर, पण बोलायला अजून शिरोळचीच. तिनं माग बघितला, लाकडी धोटा हातात घेऊन उलटापालटा केला, आणि मागाच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं.

"अण्णा, ह्याच्यावर नळी विणता येईल? अंगठ्याएवढी जाड, आणि कुठंही जोड नसलेली?"

"वडलांनी स्टोव्हच्या गोल वाती विणल्यात ह्याच्यावर," अण्णा म्हणाले. "वात म्हंजे नळीच की. खरं कुणाला पायजे आता वात?"

आसावरीला वात नको होती. तिला माणसाची रक्तवाहिनी विणून हवी होती.

मग तिनं जे सांगितलं ते अण्णांना निम्मं ठाऊकच होतं. कापडात उभा धागा असतो तो ताणा आणि आडवा जातो तो बाणा. नव्या मागांवर बाणा एका बाजूनं फेकतात आणि दुसऱ्या बाजूला कापतात. धोट्याचं तसं नाही. धोट्याच्या पोटात कांडी बसलेली असते, कांडीवर धागा गुंडाळलेला असतो, आणि धोटा या काठाकडून त्या काठाकडं जाऊन तोच धागा घेऊन परत येतो. जाताना वरच्या पदरातून गेला आणि येताना खालच्या पदरातून आला, की दोन पदर काठांना आपोआप जुळतात आणि मधे पोकळी राहते. धागा कुठंच तुटत नाही, म्हणून शिवण नाही. आणि शिवण नसेल तर रक्ताला अडकून गोठायला जागा नाही. जगातले सगळ्यांत हुशार माग हे करू शकत नव्हते. अण्णांचा अडाणी माग करू शकत होता. अण्णांनी मागाच्या लोखंडावरून एकदा हात फिरवला.

राजाक्कांचं लक्ष धाग्याकडं होतं. आसावरीनं तो बंद पिशवीतून आणला होता. पांढराशुभ्र, रेशमासारखा, केसाहून बारीक.

"कशाचा ग हा?"

"उसाचा, आक्का."

पोरगी चेष्टा करतेय असं राजाक्कांना वाटलं. पण ती खरंच सांगत होती. उसाचा रस जिवाणूंना खायला घालायचा. ते तो आंबवतात आणि त्यातून आम्ल तयार होतं, दह्यात असतं त्याच जातीचं. मग हे आम्ल निर्वात भांड्यात तापवत ठेवायचं. त्याचा एक रेणू दुसऱ्याचा हात धरतो, दुसरा तिसऱ्याचा, आणि हजारो रेणूंची साखळी होते. दर वेळी हात धरताना त्यांच्यामधून पाण्याचा एक कण बाहेर पडतो. तो बाहेर पडला तरच गाठ बसते. आणि पुढं कधी तेच पाणी परत आत शिरलं, की गाठ सुटते. साखळी तुटत तुटत पुन्हा साधं आम्ल उरतं, त्याचा कर्बवायू आणि पाणी होतं, आणि संपलं.

असलं प्लास्टिक तोवर घरोघरी आलं होतं. दुधाची पिशवी खताच्या खड्ड्यात टाकली की चार-सहा महिन्यांत दिसेनाशी व्हायची, रोपवाटिकेतलं रोप पिशवीसकट जमिनीत लावलं जायचं, आणि दवाखान्यातले टाके काढायला जावं लागत नसे. पण आसावरीनं अकरा वर्षं घालवून या धाग्याला वेळ पाळायला शिकवलं होतं. शरीरात गेल्यावर दहा आठवडे तो पूर्ण ताकदीनं उभा राहायचा. तेवढ्या वेळात त्या माणसाच्याच पेशी विणीच्या फटींत येऊन बसायच्या, वाढायच्या, आपली भिंत बांधायच्या. मग धागा हळूहळू विरघळायचा. दीड-दोन वर्षांत धागा संपून जायचा आणि उरायची ती त्या माणसाची स्वतःची रक्तवाहिनी, जिवंत, त्याच्याबरोबर वाढणारी.

"म्हंजे आम्ही विणायचं ते नाहीसं व्हायसाठी?" राजाक्कांनी विचारलं.

"हो, आक्का."

राजाक्कांनी जन्मात असलं काम ऐकलं नव्हतं. पण धागा त्यांना आवडला होता.

शेडमध्ये एका मागाभोवती काचेची खोली उभी राहिली. हवेतली ओल शोषून घेणारं यंत्र बसलं. भिंतीवर नियम लागले आणि त्यातला सगळ्यांत वरचा, मोठ्या अक्षरांतला होता: धाग्याला पाणी लावायचं नाही. अण्णा मागावर, आणि शेजारच्या खोलीत कांड्या भरायला राजाक्का. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. मोठ्या रिळावरचा धागा चिमटीतून सोडत बोटभर लाकडी कांडीवर गुंडाळायचा. गुंडाळणारं यंत्र असतं, पण ताण किती ठेवायचा ते चिमटीला कळायला लागतं. पुण्याहून आलेल्या दोन पोरांनी आधी यंत्राचंच गणित बसवून बघितलं होतं, आणि त्यांच्या कांड्या मागावर चढताच सुटल्या होत्या. राजाक्कांची एकही कांडी सुटली नाही. पोरं त्यांच्या बोटांची चित्रफीत काढून घेऊन गेली.

तरी सुरुवातीचं काम रडतखडत झालं. धाग्याला पीळ फार. कोरडा ठणठणीत पीळदार धागा कांडीवरून सुटला की स्वतःभोवतीच वेटोळं घालतो. त्याची बारीक गाठ विणीत अडकते. पहिल्या खेपेच्या बारा नळ्या मजबूत होत्या, पण आतून खडबडीत. रक्त तिथं गोठलं असतं. माग सारखा थांबायचा, अण्णा चिडचिड करायचे, आणि जेवतानाही त्यांच्या तोंडात तेच असायचं.

दुसऱ्या खेपेला मात्र चमत्कार झाल्यागत माग सुरळीत चालला. एक गाठ नाही. आसावरीनं भिंगाखाली नळीची आतली बाजू बघितली आणि ती खुर्चीतच मागं टेकली.

"अण्णा, हात बसला तुमचा."

"माझा नव्हं, मागाचा," अण्णा म्हणाले, पण सुखावले. आसावरीनं पेढे आणले. राजाक्कांनी एक पेढा घेतला. त्यांना मनातून फार बरं वाटलं होतं.

त्याच दिवशी आसावरीनं मोबाइलवर एक पोरगी दाखवली. आजऱ्याजवळच्या खेड्यातली शाल्मली गुरव, चार वर्षांची. तिचं हृदय जन्मतःच अर्धं होतं, एकाच बाजूनं काम करणारं. पोरगी अंगणात चालत होती. आठ-दहा पावलं झाली की उकिडवी बसायची, दम खायची, उठायची, पुन्हा आठ-दहा पावलं. ओठ जांभळे.

"असं कुणी शिकवलं न्हाई तिला," आसावरी म्हणाली. "बसलं की जरा बरं वाटतं, ते तिचं तिला कळलंय. तिच्या अंगातलं परतीचं रक्त थेट फुप्फुसाकडं न्यायला एक नळी लागणार. साधी प्लास्टिकची बसवली तर ती वाढत नाही. पोरगी वाढते. मग आठव्या वर्षी पुन्हा छाती उघडायची, चौदाव्या वर्षी पुन्हा. आपली बसवली तर एकदाच." माणसावर करायच्या चाचणीला परवानगी मिळाली होती. दुसऱ्या खेपेची सगळ्यांत चांगली नळी शाल्मलीसाठी बाजूला काढली गेली.

महिन्याभरानं, एका सोमवारी सकाळी आसावरी न कळवता आली. चपला काढायचंही तिच्या लक्षात राहिलं नाही.

पुण्यात प्रत्येक खेपेच्या चार नळ्या शरीराइतक्या ऊबदार खाऱ्या पाण्यात ठेवत आणि त्यांच्यातून पंपानं ठोक्या-ठोक्यानं पाणी सोडत. पहिल्या खेपेच्या खडबडीत नळ्या नववा आठवडा ओलांडून अजून ठणठणीत होत्या. दुसऱ्या खेपेच्या चारही एकोणिसाव्या दिवशी फुटल्या. शाल्मलीचं ऑपरेशन चार दिवसांवर होतं. नळी परत मागवली होती.

"डॉक्टर दहा दिवस थांबतो म्हणालेत. त्याच्या पुढं पोरीला झेपणार नाही. ते प्लास्टिकचीच नळी बसवतील." ती बाकावर बसली. "गुरुवारी समितीची बैठक आहे. धागा भरवशाचा नाही, असं मलाच लिहून द्यायचंय. एका खेपेला टिकतो, दुसऱ्या खेपेला टिकत नाही. असला धागा कोण पोराच्या छातीत घालेल? अकरा वर्षं झाली, अण्णा. काय चुकलं तेच सापडत नाही."

तिनं फुटलेल्या नळ्यांचे फोटो समोर ठेवले. अण्णांनी चष्मा लावला. रसायन त्यांना कळत नव्हतं, पण फाटलेलं कापड कळत होतं. चारही नळ्या लांबीच्या बाजूनं उभ्या उसवल्या होत्या. कापड उभं फाटतं ते आडवा धागा तुटला म्हणून. ताणा जिथल्या तिथं शाबूत होता. तुटला होता तो फक्त बाणा.

ताणा आणि बाणा, दोन्ही एकाच रिळातले. एकाच दिवशी आलेले, एकाच कपाटात ठेवलेले. फरक एवढाच की बाणा कांडीवरून येतो.

अण्णांनी फोटो पुन्हा एकदा जवळ धरून बघितला. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "फोटो ठेव. तू जेवून ये तुझ्या आईकडं. दुपारी बोलू."

जेवायला बसल्यावर राजाक्कांनी भाकरी वाढली, आमटी वाढली. अण्णांनी घास मोडला नाही.

"कांड्या भरल्या की कुठं ठेवतीस?"

"कपाटात. कुठं म्हंजे?"

"लगेच?"

राजाक्का थांबल्या. "आदी रातभर परडीत. पीळ बसाय नको का?"

"परडीवर काय घालतीस?"

"पोतं." त्यांचा आवाज बारीक झाला. "ओलं पोतं. मी पाणी न्हाई लावलं धाग्याला. एक थेंब न्हाई. पोतं निसतं तोंडावर घातलं. आनि स्वच्छ पायजे म्हणून उकळून घेतलं हुतं."

सूत असो, रेयॉन असो, या गावात पीळदार धाग्याची कांडी रात्रभर ओल्या पोत्याखाली ठेवतात. ओल लागली की पीळ शांत होतो आणि सकाळी धागा गाठ मारत नाही. राजाक्कांच्या आईनं हे केलं, सासूनं केलं. पहिल्या खेपेला नवरा रोज चिडतो, जेवत नाही, हे बघून त्यांनी दुसऱ्या खेपेला न सांगता तेच केलं. माग सुरळीत चालला, पेढे आले, आणि त्यांना वाटलं की आपण मदत केली.

अण्णांनी फोटो पुढं केला. त्यांना फार सांगावं लागलं नाही. राजाक्का ताण्याबाण्याच्या घरातच जन्मल्या होत्या. त्यांनी उभी फाट बघितली, बोटानं तिच्यावरून रेघ ओढली आणि खाली बसल्या.

"ही त्या उकिडव्या बसणाऱ्या पोरीत बसायची हुती?"

"बसली न्हाई. परत मागवली."

अण्णांनी ताट बाजूला सारलं. मग अण्णा म्हणाले, "मी सांगतो. म्हणतो, कांड्या मीच ठेवल्या पोत्याखाली. तुझं नाव कशाला? नियम मोडला तर घालवत्यात माणसाला. मला घालवू देत. नवी कांडी भराय तू तरी पायजेस."

राजाक्कांनी डोळे पुसले आणि नवऱ्याकडं सरळ बघितलं. "चाळीस वर्सं मी कांड्या भरल्या आनि कापडावर नाव तुमचं लागलं. कधी काय म्हणलं न्हाई मी. आता चूक माझी हाय, तर ती तरी माझ्या नावावर ऱ्हाऊ दे."

अण्णांनी मान हलवली. त्यांना बायकोचा अभिमान वाटला आणि स्वतःची थोडी लाजही वाटली.

आसावरी दुपारी आली तेव्हा राजाक्का दारातच उभ्या होत्या. पोतं घडी घालून हातात. त्यांनी काही राखून ठेवलं नाही. आसावरीचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"आक्का, भिंतीवर लिहिलंय. इतकं मोठं लिहिलंय. पाणी लावायचं नाही म्हणजे ओलसुद्धा नाही. नळी विणून झाली की तिच्या धाग्याला पातळ लेप देतो आपण, तोवर ह्या उघड्या धाग्याला हवेतली वाफ पुरते. एक रात्र ओल लागली की गाठी सुटायला लागतात, आणि वरून काही दिसत नाही. ती पोरगी चार दिवसांनी टेबलावर असती."

"व्हय," राजाक्का म्हणाल्या. "तू काय बोलशील ते कमीच हाय."

आसावरी तावातावानं शेडच्या बाहेर गेली. रस्त्यावर उभी राहिली. पाच मिनिटांनी परत आली तेव्हा रागाच्या जागी दुसरंच काही होतं.

"म्हणजे धागा चांगला आहे," ती सावकाश म्हणाली. जणू स्वतःलाच सांगत होती. "ताणा टिकला. ओल न लागलेला धागा दोन्ही खेपांत टिकला. माझा धागा चांगला आहे, आक्का."

तिनं उरलेल्या कांड्या आणि ताण्याचा धागा त्याच दुपारी पुण्याला पाठवला. तिथं एका यंत्रात धागा विरघळवून त्याच्या साखळ्यांची लांबी मोजता येते. दुसऱ्या दिवशी सकाळी आकडे आले. ताण्याच्या साखळ्या होत्या तेवढ्याच लांब होत्या. कांड्यांवरच्या साखळ्या निम्म्यावर आल्या होत्या. गुरुवारी समितीपुढं आसावरीनं ते आकडे ठेवले. धागा वाचला. पण आता आठवड्याच्या आत नवी नळी हवी होती, कोरडीही आणि गुळगुळीतही. आणि कोरडी कांडी म्हटली की गाठी आल्याच.

"पीळ कमी करता येत नाही," आसावरी म्हणाली. "पीळ कमी केला तर ताकद जाते."

दोन दिवस अण्णांनी मागाचा वेग कमी करून बघितला, ताण बदलून बघितला. गाठी येतच राहिल्या. राजाक्कांनी त्या दोन दिवसांत तोंडातून शब्द काढला नव्हता. आपल्याला आता बोलायचा अधिकार नाही असं त्यांना वाटत होतं. तिसऱ्या दिवशी त्या काचेच्या बाहेर उभ्या राहून धोट्याकडं बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "आमच्या बाच्या धोट्यात लोकर असायची."

"काय?"

"लई पिळाचा धागा आला की आमचा बा धोट्याच्या पोटात घोंगडीची लोकर चिकटवायचा. कांडीवरनं धागा सुटला की त्या लोकरीत जरा रेंगाळायचा. ढिला पडायलाच सवड न्हाई, मग वेटोळं कुठनं घालंल? पोतं मिळायचं न्हाई तवा असंच करायचे. पोतं सोपं, म्हणून लोकर विसरली."

अण्णांनी कपाळावर हात मारून घेतला. त्यांनीही लहानपणी हे बघितलं होतं.

घोंगडी काचेच्या आत न्यायची तर आसावरीची नोकरी गेली असती. पण ऑपरेशनच्या खोलीत वापरायच्या मऊ ब्रशांचे केस तिच्याकडं होते, निर्जंतुक आणि कोरडे. धोट्याच्या पोटात ते कसे लावायचे, किती दाट, धागा कोणत्या बाजूनं त्यांना शिवेल, हे राजाक्का बाहेरून सांगत गेल्या. पहिल्यांदा फार दाट झाले आणि धागा तुटला. दुसऱ्यांदा विरळ झाले. तिसऱ्यांदा आसावरीनं दार उघडलं, कोट पुढं केला आणि म्हणाली, "आक्का, आत या. हे तुमच्या हातानंच होणार."

"मला घालवलं न्हाईस अजून?"

"नियमाच्या वहीत नवा नियम लिहायचाय. त्याच्या खाली कुणाचं नाव लिहू मग?"

राजाक्का आत गेल्या. हात पदराला पुसले, मग आठवलं म्हणून पदर सोडून कोरड्या रुमालाला पुसले, मग हातमोजे घातले. त्यांनी भरलेली कांडी थेट कपाटातून धोट्यात गेली. अण्णांनी माग चालू केला. खटखट सुरू झाली ती थांबली नाही. वरच्या पदरातून जायचं, खालच्या पदरातून यायचं, तोच धागा, न तुटता. अण्णा म्हातारे झाले होते आणि त्यांनी लाखो वार कापड बघितलं होतं, पण असं विणलं जाताना कधी बघितलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत वीतभर नळी झाली. आसावरीनं ती भिंगाखाली धरली. एकही गाठ नव्हती. तिच्या टोकाचा तुकडा पुण्यात मोजून आला, साखळ्या पुऱ्या भरल्या.

डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीतला नववा दिवस. ऑपरेशन सात तास चाललं. इकडं शेडमध्ये अण्णांनी माग लावला नाही. राजाक्का चौंडेश्वरीच्या देवळात जाऊन आल्या, मग आल्या तशा पुन्हा गेल्या. फोन आला तेव्हा आसावरी एवढंच म्हणाली, "रक्त वाहतंय. ओठ गुलाबी झालेत." राजाक्का तिथंच कांडीच्या यंत्रापाशी बसून रडल्या, आणि अण्णांनी त्यांना रडू दिलं.

पुढं दोन वर्षांत त्या मागावर एकसष्ट नळ्या झाल्या. दुसरा मागही काचेत गेला. प्रत्येक नळीच्या कागदावर दोन नावं असायची. माग: दशरथ खारगे. कांडी: राजाक्का खारगे. अण्णांनी एकदा सुचवलं होतं की कांडीचं नाव वर असावं, कारण कांडी आधी होते. राजाक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, लई झालं."

आणि एका सकाळी आजऱ्याहून गुरव मंडळी आली. घनसाळ तांदळाची पिशवी, काजू, आणि सहा वर्षांची शाल्मली. आदल्या दिवशी पुण्यात तपासणी झाली होती. आसावरी बरोबरच होती. तिनं सांगितलं की नळीतला धागा आता शोधूनही सापडत नाही. तिथं शाल्मलीची स्वतःची वाहिनी आहे, आणि बसवली त्यापेक्षा दोन मिलिमीटर रुंद झाली आहे.

राजाक्का ते ऐकत नव्हत्या. त्या पोरीचे पाय बघत होत्या. शाल्मली दारातून आत आली, पहिला माग ओलांडला, दुसरा ओलांडला, शेडच्या टोकापर्यंत जाऊन परत आली. आठ पावलं झाली, दहा झाली, तीस झाली. ती कुठं बसली नाही. मग पळतच राजाक्कांपाशी आली.

"माझ्यातला धागा कुठला होता?"

राजाक्कांनी कपाटातून नुकतीच भरलेली कांडी काढून दाखवली. "असला हुता."

"आता कुठं गेला?"

राजाक्कांनी आसावरीकडं बघितलं. सांगायचं तुम्हीच, असा तिचा चेहरा होता.

"पयल्यांदा त्याचं पाणी झालं," राजाक्का म्हणाल्या. "आनि ऱ्हायला त्याची हवा झाली. ती तू श्वासातनं सोडून दिलीस. रोज थोडी थोडी. फू करून."

शाल्मलीला हे पटलं. तिनं पुढं वाकून, गाल फुगवून, छातीत मावेल तेवढी हवा भरून घेतली आणि कांडीवर जोरात फुंकर मारायला तोंड उघडलं.

राजाक्कांनी कांडी झटक्यात पाठीमागं नेली.

"लांबनं, बाळ, लांबनं," त्या म्हणाल्या. "ओल लागंल. दुसऱ्या पोराची हाय ती."